विमान उतरलं, मी नापास

कॅप्टनच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले, तेव्हा विमान धावपट्टीच्या अगदी मधल्या रेषेवर उतरलं होतं. इतकं अलगद की शेजारच्या को-पायलटच्या तोंडून "वा" निघून गेलं. परीक्षकांनी मागच्या खुर्चीवरून दिवे लावले, चष्मा पुसला आणि विचारलं, "वारा किती होता?" मी म्हटलं, "डावीकडून चोवीस नॉट." "आणि मर्यादा?" मी म्हटलं, "वीस." त्यांनी वही मिटली, आणि मी माझी बॅग उचलली.

विमान खरं नव्हतं हे सांगायला हवं. ते सिम्युलेटर होतं. लोखंडी पायांवर डोलणारी एक बंद खोली, आत हुबेहूब कॉकपिट, आणि काचेबाहेर परीक्षक ठरवतील ते हवामान. त्या दिवशी त्यांनी दाट धुकं ठरवलं होतं. धावपट्टी दिसत नाही इतकं धुकं असलं की पायलटने स्वतःच्या हाताने उतरायचं नसतं, ऑटोपायलटकडून उतरवून घ्यायचं असतं. पण ऑटोपायलटच्याही अटी असतात. विमानतळावर ठरावीक यंत्रणा हवी, विमानातली ठरावीक उपकरणं चालू हवीत, दोघा पायलटांचं त्याचं वेगळं प्रशिक्षण झालेलं हवं. आणि धावपट्टीला आडवा येणारा वारा आमच्या विमानात वीस नॉटच्या आत हवा. एकविसाव्या नॉटला विमान कोसळतं असं कोणी म्हणत नाही. बनवणाऱ्यांनी विसापर्यंत पारखून दिलंय, पुढची हमी ते घेत नाहीत, एवढंच.

खरं तर दाट धुकं आणि जोराचा वारा एकत्र नांदत नाहीत. वारा सुटला की धुकं पांगतं, हे आमच्या झाशीजवळ चिरगाँवकडे म्हशी राखणाऱ्या माणसालाही ठाऊक आहे. पण सिम्युलेटरमधलं हवामान बटणांवर चालतं आणि परीक्षकांना निसर्गाशी काही देणंघेणं नव्हतं.

शेवटच्या तीनशे फुटांत को-पायलट म्हणाला, "आडवा वारा चोवीस." मी खणखणीत आवाजात म्हटलं, "आडवा वारा चोवीस," आणि विमान उतरू दिलं. काय करायचं होतं ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. "गो अराउंड" म्हणायचं, इंजिनांना जोर द्यायचा, नाक वर करायचं आणि न उतरता पुन्हा वर जायचं. त्यातलं मी काहीही केलं नाही. ऐकलं ते परत म्हटलं आणि कर्तव्य संपल्यासारखी बसून राहिले. असं का झालं हे परीक्षकांना कळलं नाही. मला मात्र जिना उतरेपर्यंत कळलं होतं.

माझे बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात, त्यामुळे आमच्या घरात दोन पायलट झाले, असं आई दतिया गेट भागातल्या तिच्या माहेरी सांगते. बाबा भुसावळहून बदलून झाशीला आले आणि इथलेच झाले. इंजिनात एक रीत असते. सिग्नल दिसला की सहायकाने हात लांब करून मोठ्याने पुकारायचं, "यलो!" आणि ड्रायव्हरनेही हात करून तेच पुकारायचं, "यलो!" म्हणजे दोघांनी पाहिलं आणि दोघे जागे आहेत, याची खात्री. बाबांनी ही रीत घरी आणली. घराबाहेर पडताना एकाने शेगडीकडे हात करून म्हणायचं, "गॅस बंद." दुसऱ्याने म्हणायचं, "गॅस बंद." मग "नळ बंद, नळ बंद," मग "कुलूप लागलं, कुलूप लागलं." पुण्याच्या आत्याला हे पहिल्यांदा ऐकून ठसका लागला होता.

एकदा आम्ही तिघांनी "मोटार बंद, मोटार बंद, मोटार बंद" असं तीन वेळा शिस्तीत पुकारलं आणि लग्नाला निघून गेलो. परत आलो तर गच्चीवरची टाकी चार तास वाहत होती आणि शेजारच्या चाचींच्या भिंतीला पोपडे धरले होते. पुकारलं सगळ्यांनी होतं, बटण कोणीच दाबलं नव्हतं. बाबांनी चाचींची भिंत स्वतः रंगवून दिली आणि रीत तशीच चालू ठेवली.

परीक्षेची दुसरी संधी पंधरा दिवसांनी होती. नऊ वर्षं मी उजव्या खुर्चीत, म्हणजे को-पायलटच्या जागी काढली होती. दुसऱ्यांदा नापास झाले असते तर पुन्हा उजवी खुर्ची, आणि तिसऱ्यांदा कधी बोलावतील, बोलावतील की नाही, ते कंपनीच्या मर्जीवर. मला डावी खुर्ची हवी होती. अगदी मनापासून, थोड्या हावरेपणानेच हवी होती. अभ्यासासाठी रजा घेऊन मी झाशीला आले. झाशीला आमचं विमान जात नाही, म्हणून मी नेहमी रेल्वेनेच येते. धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा पोचली. बाबा स्टेशनवर होते. त्यांनी गाडी उशिरा आल्याबद्दल गाडीची बाजू घेतली.

आईने तोवर आमच्या वस्तीत, सीपरी बाज़ारभर, माझी परीक्षा पुढे ढकलल्याचं सांगून ठेवलं होतं. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाताना तिला नीट पदर घेऊनच जावं लागतं. पण चाची तिखट कानाच्या आहेत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गच्चीच्या कठड्यावरून गाठलं.

"काय बिन्ना," त्या लेकीला हाक मारावी तसं म्हणाल्या, "जहाज तो अपनेई आप उतर जात है ना?"

मी म्हटलं, "कभी कभी, चाची."

"फिर तुम उतै बैठ के का करत हो?"

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, बहुतेक वेळा आम्ही हातानेच उतरवतो. आपोआप उतरवायचं तर अटी पाळाव्या लागतात. उतरल्यावर विमान धावपट्टीवर सरळ धावतं, पण वळून आपणहून थांब्यावर जात नाही, ते आम्हाला न्यावं लागतं. चाचींनी सगळं ऐकून घेतलं. "तो तुम मोड़बे के लाने हो," म्हणजे मी फक्त वळवण्यापुरती, असा त्यांनी निकाल दिला आणि वाळत घातलेले कपडे उलटवायला निघून गेल्या. नऊ वर्षांच्या नोकरीचं वर्णन म्हणून ते फारसं चुकीचंही नव्हतं.

आणखी एक प्रश्न होता, तो मला जो भेटे तो विचारी. उतरलं ना विमान? मग नापास कशी? मामांनी विचारलं, दूधवाल्या भैयांनी विचारलं, आईनेही एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं. बाबांनी तेवढं विचारलं नाही. त्यांनी पहिल्या संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं, तीन प्रश्न केले आणि माझी मर्यादांची कार्डं मागून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला आमचा वर्ग गच्चीवर उन्हात भरू लागला. बाबा माकडटोपी घालून बसायचे आणि विचारायचे. पुढून वारा किती चालतो, मागून किती, आडवा किती, ऑटोपायलट टेकऑफनंतर किती फुटांवर लावायचा, दोनशे फुटांखाली लाल दिवा लागला तर काय. मी फडाफड उत्तरं द्यायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी कार्डं खाली ठेवली.

"पाठ तर तुला आधीही होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग ही पोपटपंची काय कामाची?"

ते खाली गेले आणि स्वयंपाकघरातून कढईतला मोठा झारा घेऊन आले. दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. मला डावीकडे बसवलं, स्वतः उजवीकडे बसले, आणि झारा मधल्या स्टुलावर माझ्या उजव्या हाताखाली ठेवला. तो इंजिनाचा लिव्हर. ते आकडे म्हणतील. आकडा मर्यादेत असला तर मी "चालू ठेवा" म्हणायचं. मर्यादेबाहेर गेला तर तोंड उघडायच्या आत झारा पुढे ढकलायचा आणि मग "गो अराउंड" म्हणायचं. आकडा परत म्हणायचा नाही.

"सतरा," बाबा म्हणाले.

"चालू ठेवा."

"एकोणीस."

"चालू ठेवा."

"बावीस."

"बावीस," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाऱ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी वीसपैकी अकरा वेळा मी आकडाच परत म्हटला. जीभ हाताच्या पुढे धावायची, आणि एकदा बोलून झालं की हाताला वाटायचं काम उरकलं. चाची समोरच्या गच्चीवरून मटार सोलत बघत होत्या. त्यांनी आईला हळूच विचारलं म्हणे, बिटिया की तबीयत ठीक है? आईने सांगितलं, नवीन व्यायाम आहे.

पाचव्या दिवसापर्यंत मी वीसपैकी दोन चुकांवर आले. त्या दिवशी बाबा चहा आणायला खाली गेले आणि दोन दोन पायऱ्या चढत वर आले. चाचींनी पलीकडून विचारलं, "भैया, घुटना अब ठीक रहत है?" बाबा म्हणाले, "ठीक है." मला एकदम लक्षात आलं की हा गुडघा गेल्या कित्येक वर्षांत दुखलेला मी पाहिला नाही.

गुडघ्याची गोष्ट अशी. मी आठवीत असताना बाबांना मेल गाड्यांवरून उतरवून यार्डात शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे लावायच्या कामाला टाकलं. कारण गुडघा. तासन्‌तास उभं राहवत नाही, असं घरात सांगितलं गेलं. दोन वर्षं त्यांनी गुडघ्याला पट्टी बांधली, आणि दोन वर्षं रोज संध्याकाळी मी त्या गुडघ्याला कोमट तेल चोळलं. पुढे गुडघा बरा झाला आणि त्यांना मालगाडी मिळाली.

मी म्हटलं, "बाबा, गुडघ्याला नक्की काय झालं होतं?"

त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. "गुडघ्याला काही नव्हतं," ते म्हणाले. "धुकं होतं. सिग्नल दिसले नाहीत. लाल पार करून गाडी दोन डब्यांइतकी पुढे जाऊन थांबली. समोर काही नव्हतं. कोणाला खरचटलंही नाही. काहीच झालं नाही."

"मग?"

"मग चौकशी. मग यार्ड. बरोबरच होतं त्यांचं."

आई बिस्किटं घेऊन जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी होती. "गुडघा मी सुचवला," ती म्हणाली. "माझ्या माहेरी काय सांगणार होते? पट्टीही मीच आणली."

मला राग आला. खरोखरच आला. म्हटलं, मी दोन वर्षं एका धडधाकट गुडघ्याला तेल चोळलं, खेळायचं सोडून, आणि तुम्ही दोघं मूग गिळून बसलात. बाबा म्हणाले, "आराम पडायचा पण." आईने बिस्किटं पुढे केली. मी घेतली नाहीत, म्हणजे दहा मिनिटं घेतली नाहीत.

मग मी मुद्द्याचं विचारलं. लालच्या आधी यलो असतो. यलो म्हणजे पुढे लाल असू शकतो, थांबायच्या तयारीने चला. तो सहायकाने पुकारला नव्हता का? बाबांनी कार्डं उचलली. "धुकं होतं म्हटलं ना," ते म्हणाले. "बस खुर्चीत. सोळा."

"चालू ठेवा," मी म्हटलं.

परीक्षेला तेच परीक्षक होते आणि तेच धुकं होतं. मी डाव्या खुर्चीत बसले आणि झाऱ्याच्या जागी लिव्हर आहे ना, हे दोनदा हात लावून पाहिलं. हे मी नंतर कोणाला सांगितलं नाही, इथेच सांगते आहे. हजार फुटांवर वारा अठरा. पाचशेवर एकोणीस. ऑटोपायलट शांतपणे खाली नेत होता, सगळे दिवे हिरवे, बाहेर नुसतं दूध. अडीचशे फुटांवर को-पायलट म्हणाला, "आडवा वारा एकवीस."

माझा हात पुढे गेलेला मला आधी दिसला, आवाज नंतर ऐकू आला. "गो अराउंड." इंजिनं गरजली, पाठ खुर्चीला टेकली, धुकं खाली गेलं. एका नॉटसाठी.

दुसऱ्या वेळी वारा मर्यादेत होता. दीडशे फुटांवर ऑटोलँडचा, म्हणजे आपोआप उतरण्यात बिघाड झाल्याचा लाल दिवा लागला. पुन्हा वर. तोवर इंधन इतकं उरलं होतं की आणखी एक प्रयत्न केला असता तर दुसरीकडे जायला कमी पडलं असतं. मी को-पायलटला सांगितलं, आपण आता जिथे आभाळ स्वच्छ आहे त्या विमानतळाकडे जातोय, प्रवाशांशी मी बोलते. सिम्युलेटरमध्ये प्रवासी नसतात, तरी घोषणा करावी लागते. मी बाहेरच्या रिकाम्या शेडला उद्देशून क्षमा मागितली, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. वाक्य संपायच्या आत परीक्षकांनी खोली गोठवली आणि दिवे लावले.

"पुरे," ते म्हणाले, आणि कागदावर सही केली. ज्या दिवशी मी विमान लोण्यासारखं उतरवलं त्या दिवशी नापास झाले, आणि ज्या दिवशी ते उतरवलंच नाही त्या दिवशी कॅप्टन झाले. हे चाचींना कसं सांगायचं याची चिंता मला पार्किंगपर्यंत पुरली.

गाडीत बसून मी घरी फोन लावला. बाबांनी पहिल्या घंटीला उचलला. "पास," मी म्हटलं. त्यांनी फोन बाजूला धरून आईला सांगितलं. आई देवापाशी गेली असावी, कारण घंटा ऐकू आली. मग बाबांनी सगळं क्रमाने विचारलं. किती फुटांवर, वारा किती, को-पायलट काय बोलला, तू काय बोललीस.

"एकवीस ऐकल्यावर किती वेळ लागला तुला?"

"लगेच केलं, बाबा."

"लगेच म्हणजे?"

"एक श्वास. तेवढाही नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, आणि ते नेहमीपेक्षा हळू बोलू लागले.

"त्या दिवशी धुकं होतं," ते म्हणाले, "पण सिग्नल दिसला होता. यलो. चांगला दिसला. सहायकाने पुकारला. मीही पुकारला, हात करून. गाडी चाळीस मिनिटं लेट होती. ब्रेकवर हात होता माझा. लावला नाही."

मी म्हटलं, "आईला माहीत आहे?"

"नाही. चौकशीतही नाही सांगितलं. सहायकानेही सांभाळून घेतलं, म्हणाला दिसलाच नव्हता. धुक्यावर गेलं सगळं." मग ते म्हणाले, "झाशीला गाडी लागली. लोक झोपेतून उठून उतरत होते. कोणाला काही पत्ता नाही. एक म्हातारी बाई डब्यातून उतरून चालत चालत इंजिनापर्यंत आली. खाली उभी राहिली आणि मला हात जोडले. इत्ते कोहरे में भी सही-सलामत ले आए, भैया, म्हणाली."

"मग?"

"मग काय, बेटा," बाबा म्हणाले. "मीही हात जोडले."